भरवणारी नळी उलटी चालते तेव्हा

दोन दिवस पोटात अन्नाचा कण गेलेला नसतो, तरी हिरवट उलट्या थांबत नाहीत. आतडे अडलेल्या रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांना कळत नाही, काही खाल्लेच नाही तर एवढे येते कुठून? ते शरीराचेच असते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्राव मिळून प्रौढ माणसाच्या पचनमार्गात दिवसाला साधारण ७ लिटर द्रव पाझरतो. एरवी आतडे तो जवळजवळ सगळा शोषून घेते. वाट बंद झाली की तो मागे तुंबतो आणि जठर फुगते.

पहिला उपाय नाकातून जठरात उतरवलेल्या नळीचा, म्हणजे ‘रायल्स ट्यूब’चा. या नावातले रायल म्हणजे ब्रिटिश डॉक्टर जॉन रायल. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेतले शल्यचिकित्सक ओवेन वँगेनस्टीन यांनी नाकातल्या नळीतून सतत द्रव ओढून घेण्याची पद्धत रूढ केली, आणि आतड्याच्या अडथळ्यातले कितीतरी मृत्यू टळले. चार दिवसांसाठी ही नळी उत्तमच. आतड्याला पीळ पडला असेल तर मात्र बहुतेकदा तातडीने शस्त्रक्रियाच लागते.

खरा पेच असतो तो अंडाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग पोटभर पसरतो तेव्हा. आतडे अनेक ठिकाणी आवळले जाते, शस्त्रक्रियेने सुटत नाही. औषधांनी स्राव कमी करून पाहतात. तेही पुरले नाही तर नाकातली नळी आठवडेच्या आठवडे राहते. घसा सोलवटतो, आवंढा गिळतानाही टोचते. उरलेले दिवस असे काढायला लावणे मला क्रूर वाटते.

अशा वेळी कामी येते ती मुळात भरवण्यासाठी शोधलेली पेग ट्यूब, म्हणजे पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाणारी नळी. १९७९ मध्ये क्लीव्हलंडला मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी पोट न फाडता एका तान्ह्या बाळाच्या जठरात अशी नळी बसवली. तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवतात. तिचा उजेड पोटाच्या कातडीतून दिसतो, आणि त्या जागी सुई टोचून नळीची वाट करतात. इथे मात्र नळीतून आत काही घालायचे नसते. तुंबलेले बाहेर सोडायचे असते. म्हणून ती जरा रुंद, सात-आठ मिलिमीटरची घेतात.

पोटात जलोदराचे पाणी साठले असेल तर ते आधी काढावे लागते. पोटावर जागाच नसेल तर मानेतून अन्ननलिकेत नळी घालण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत नळी निसटली तर घरी परत घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

अडथळा जागचा हलत नाही, आजारही बरा होत नाही. पण नाक मोकळे होते आणि रुग्ण चहा, सरबत, गाळलेले सूप घोट-घोट घेऊ शकतो. ते नळीवाटे पिशवीत उतरते. अंगी लागत नाही, पण चव लागते. नळीला चाप असतो. मळमळले की रुग्ण तो स्वतः उघडतो, जठर रिकामे होते, आणि हे सगळे घरच्या अंथरुणावर होऊ शकते.