‘मणका सरकला’ म्हणजे नेमकं काय सरकतं?

दिंडोरीकडे द्राक्षछाटणी सुरू झाली की नाशकात हमखास ऐकू येतं, ‘वाकलो आणि मणका सरकला, झटका देऊन बसवून आलो.’ कट्ट आवाज येतो, त्यामुळे खात्रीही पटते. पण तो आवाज सांध्यातल्या द्रवातल्या वायूच्या फुग्याचा. बोटं मोडताना येतो तोच.

मणके म्हणजे नुसत्या एकावर एक रचलेल्या विटा नव्हेत. पुढून एक आणि मागून एक असे दोन लांब अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, त्यांना मानेपासून थेट कमरेखालपर्यंत बांधून ठेवतात. मागचा पट्टा कमरेत अरुंद होतो, म्हणून तिथल्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर आलीच तर बहुधा मागे, एका बाजूला येते. मला सगळ्यांत देखणा वाटतो तो पिवळा अस्थिबंध. त्यात सुमारे ८० टक्के इलॅस्टिन, म्हणजे रबरासारखं ताणणारं प्रथिन, रंग त्याचाच. वाकलात की ताणतो, उभे राहिलात की आखडतो, त्यामुळे घडी पडून आतल्या नसांवर येत नाही.

उसण भरते तेव्हा बहुतेकदा स्नायू किंवा अस्थिबंध दुखावलेला असतो. मणका खरोखर पुढे सरकण्याचा आजार आहे, पण तो एक्स-रेत दिसतो आणि झटक्याने जागेवर येत नाही. पाय बधिर झाले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.