पार्श्वभूमी : सायप्रसमध्ये चांगले जेवण किनाऱ्यापासून दूर का गेले

सायप्रसला सुट्टीवर निघालेल्या माणसाला जाणकारांकडून हमखास मिळणारा सल्ला असा असतो की राहायला किनारा गाठावा आणि जेवायला डोंगरातल्या एखाद्या गावी जावे. हा सल्ला सरसकट खरा नाही, कारण लार्नाका आणि लिमासोल या किनाऱ्यावरच्या शहरांतल्या जुन्या गल्ल्यांत उत्तम खाणावळी आहेत आणि डोंगरातही पर्यटकांच्या बसगाड्यांवर चालणारी सुमार ठिकाणे कमी नाहीत. तरीही त्यात तथ्य आहे. चांगले जेवण समुद्रापासून दूर सरकले त्याचे कारण स्वयंपाकात नाही, तर १९७४ च्या फाळणीनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हॉटेले कुठे, किती घाईने आणि कोणासाठी उभी राहिली यात आहे.

त्याआधीच्या शतकांचा हिशोब थोडक्यात उरकता येतो. बेटावर पश्चिम युरोपातले फ्रँक सरदार आले, १४८९ पासून व्हेनिसची सत्ता होती, १५७१ मध्ये उस्मानी तुर्क आले, १८७८ मध्ये ब्रिटिशांनी कारभार हाती घेतला आणि १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले. प्रत्येकाने ताटात काहीतरी ठेवले. लिमासोलजवळच्या कोलोसी येथील सरदारांच्या गढीने आसपासच्या गोड वाइनला कमांदारिया हे नाव दिले आणि ते आजही चालू आहे. उस्मानी काळाने कॉफी, भरल्या भाज्या आणि द्राक्षाच्या पानांतले पुरण रुळवले. ब्रिटिशांनी तळलेल्या बटाट्याची अशी सवय लावली की आज मेंढीच्या भाजलेल्या मांसाशेजारीही ते निमूटपणे येऊन बसतात. सुट्टी घालवायला डोंगरात जाण्याची रीतही मुळात त्याच काळातली आहे. उन्हाळा असह्य झाला की अधिकारी आणि सधन कुटुंबे ट्रूडोस पर्वताच्या उतारावरील प्लाट्रेससारख्या थंड हवेच्या गावी जात. समुद्रकिनारा तेव्हा कोळ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा होता.

किनाऱ्यावरचे पर्यटन खऱ्या अर्थाने वाढले ते स्वातंत्र्यानंतर, आणि ते मुख्यतः पूर्वेकडील फामागुस्ता व उत्तरेकडील किरीनिया या दोन शहरांत. फामागुस्ताच्या वरोशा या भागात वाळूला लागून उंच हॉटेलांची रांगच उभी राहिली होती. १९७४ च्या उन्हाळ्यात तुर्की सैन्य उतरले, बेटाची फाळणी झाली आणि ही दोन्ही शहरे फाळणीच्या रेषेच्या पलीकडे गेली. वरोशा तर कुंपण घालून बंद करण्यात आला आणि २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत सामान्य माणसाला तेथे पाऊल टाकता आले नाही. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसी दक्षिणेकडे आले आणि हजारो तुर्की सायप्रसी उत्तरेकडे गेले. दक्षिणेकडील सरकारपुढे तेव्हा निर्वासितांना घरे देण्याचा प्रश्न होता आणि त्याच्या जोडीला परकीय चलनाचाही होता. आया नापा हे मठाभोवतीचे मासेमारीचे लहानसे गाव, त्याला लागून असलेली प्रोतारासची वाळू, लिमासोलचा पूर्व किनारा आणि १९८३ मध्ये विमानतळ मिळालेले पाफोस येथे मग हॉटेलांचे पीक आले. लार्नाकाचा विमानतळही राजधानी निकोसियाचा विमानतळ युद्धात बंद पडल्यामुळेच मोठा झाला.

जेवणाच्या दृष्टीने या घाईचा परिणाम दूरगामी ठरला. प्रवास, खोली आणि दोन वेळचे जेवण अशी एकत्र रक्कम आधीच भरून येणारा पाहुणा, आणि त्यातही बहुसंख्य ब्रिटिश, हे गणित गृहीत धरून किनाऱ्यावरची स्वयंपाकघरे बांधली गेली. रोज शेकडो पाने वाढायची तर रात्रभर मातीच्या बंद भट्टीत शिजणारे क्लेफ्तिको हे मांस परवडत नाही, जाड मुळाच्या कोलोकासीची भाजी परवडत नाही आणि हंगामी पालेभाजीही परवडत नाही. म्हणून जे पदार्थ आधी करून ठेवता येतात, कोणाला तिखट लागत नाहीत आणि ज्यांचे नाव पाहुण्याने घरी ऐकलेले असते, तेच उरले. २०१९ मध्ये सुमारे ३९.८ लाख पर्यटक आले आणि २०२४ मध्ये हा आकडा ४० लाखांपलीकडे गेला. दक्षिणेकडील लोकसंख्या ९ लाखांच्या थोडी वर असताना एवढ्या पाहुण्यांचा भार वाहणारे स्वयंपाकघर स्थानिक चवीवर टिकून राहील, ही अपेक्षाच जरा भाबडी म्हणावी लागेल.

मेझे या शब्दाचे याच काळात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ चव. आपल्या ‘मजा’ या शब्दाचा उगमही तोच. तुर्कीतून तो भूमध्य समुद्राच्या काठी पसरला तेव्हा पेयाबरोबर तोंडात टाकायचे चार घास एवढाच त्याचा आवाका होता. सायप्रसच्या खाणावळीत आज मेझे म्हणजे माणशी ठरलेल्या दरात एकामागून एक येणाऱ्या वीस ते तीस बशा, आणि बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसे असल्याखेरीज तो मिळतच नाही. चांगल्या खाणावळीत हा क्रम स्वयंपाक्याच्या मर्जीवर आणि त्या दिवशीच्या बाजारावर सोडलेला असतो. जेथे तो छापील असतो आणि बारा महिने तोच असतो, तेथे मेझेचे नुसते नाव उरले आहे असे समजायला हरकत नाही.

तथापि या बेटावरच्या खाण्याचा सगळा तिढा एकाच पदार्थात पाहायचा असेल तर तो हलूमीत. मेंढी-शेळीच्या दुधाचे दही रेनेटने, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणाऱ्या विरजणाने, विरजून, ते निवळीतच पुन्हा तापवून, मीठ आणि सुका पुदिना घालून दुमडलेले हे चीज तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजले तरी वितळत नाही. आपल्याकडच्या वाचकाला पनीर आठवेल, पण पनीर आंबट घालून फाडतात आणि हलूमीचा घट्टपणा दही दुसऱ्यांदा तापवण्यातून येतो. सोळाव्या शतकाच्या मध्यातील व्हेनिसच्या काळच्या लिखाणात त्याचा उल्लेख ‘कालूमी’ असा सापडतो. तुर्की सायप्रसी त्यालाच हेलिम म्हणतात. गावातल्या बायका आळीपाळीने एकमेकींचे दूध एकत्र करून ते बनवत, कारण एका घरच्या चार शेळ्यांचे दूध एका कढईला पुरत नसे.

वाद दुधाचा आहे. मेंढ्या-शेळ्यांना हिवाळ्यात आणि वसंतात भरपूर दूध असते, उन्हाळ्यात ते आटते, आणि पर्यटक येतात ते नेमके उन्हाळ्यात. ब्रिटिश काळापासून बेटावर आलेल्या संकरित व परदेशी गायी मात्र बारा महिने दूध देतात. कारखानदारी वाढली तसे गायीचे दूध वाढत गेले आणि १९८५ च्या राष्ट्रीय मानकाने त्याला अधिकृत जागाही दिली. प्रमाण किती असावे याबाबत त्या मानकाच्या शब्दांचा कीस पुढे वर्षानुवर्षे पाडला गेला. शेळी-मेंढीपालक म्हणत की गायीचे दूध चालेल पण निम्म्याहून कमी. कारखानदार म्हणत की असा नियम पाळायचा तर निर्यात थांबवावी लागेल. २००९ मध्ये युरोपीय संरक्षित नावासाठी पहिला अर्ज गेला आणि घरातच एकमत नसल्यामुळे तो २०१२ मध्ये मागे घ्यावा लागला. २०१४ च्या जुलैमध्ये दुसरा अर्ज गेला, त्यावर इतर देशांतून आणि उत्पादकांकडून हरकतींचा पाऊस पडला, आणि अखेर १२ एप्रिल २०२१ रोजी ब्रुसेल्समध्ये ‘हलूमी’ व ‘हेलिम’ ही दोन्ही नावे एकत्र नोंदवली गेली. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून युरोपीय संघात सायप्रसबाहेर बनलेल्या चीजला हे नाव वापरण्याची मुभा उरली नाही.

मधल्या काळात एक फजितीही झाली, आणि बेटावर ती आजही कडवटपणे सांगितली जाते. हलूमीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या ब्रिटनमध्ये २००२ पासून नोंदलेल्या व्यापारचिन्हाला एका ब्रिटिश कंपनीने आव्हान दिल्यावर सायप्रसच्या खात्याने मुदतीत उत्तरच पाठवले नाही, आणि २०१८ मध्ये तेथील न्यायालयानेही ही चूक माफ केली नाही. जगाला आपली ओळख म्हणून दाखवायचा पदार्थ टपालातल्या दिरंगाईने गमवावा, याला नशिबाची खोट म्हणणे ही स्वतःचीच केलेली फसवणूक ठरेल.

२०२१ च्या निर्णयाकडे बेटाच्या राजकारणातील दुर्मीळ समझोता म्हणून पाहिले जाते. नाव दोन्ही भाषांत नोंदले गेले आणि उत्तरेकडील उत्पादकांची तपासणी कोणत्याही सरकारी खात्याकडे न देता एका आंतरराष्ट्रीय खाजगी संस्थेकडे सोपवण्यात आली, म्हणजे कोणी कोणाचा अधिकार मान्य केला असे होऊ नये. कागदावर ही रचना सुबक आहे. प्रत्यक्षात उत्तरेकडील हेलिमला रेषा ओलांडून बाजारात जाण्यासाठी जनावरांच्या आरोग्याच्या युरोपीय अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि त्या अटी लहान उत्पादकाला सहज झेपणाऱ्या नाहीत. दुधाचा मूळ प्रश्न तर समझोत्याने पुढेच ढकलला. नोंदणीतील नियमानुसार मेंढी-शेळीचे दूध गायीच्या दुधापेक्षा जास्तच हवे. पण त्यासाठी दिलेली दहा वर्षांची सवलत २०२४ मध्ये संपत आली तेव्हा ती २०२९ पर्यंत वाढवण्यात आली. अलीकडच्या वर्षांत सुमारे ३० कोटी युरोची निर्यात करणाऱ्या उद्योगाचे ओझे कोणाच्या बाजूला कलते हे यातून दिसतेच. या वादात शेळी-मेंढीपालकांची बाजू ऐकू येते तेवढी ती धोरणात उतरलेली दिसत नाही.

पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हॉटेलच्या न्याहारीत मिळणारी रबरासारखी कापून काढलेली हलूमी आणि डोंगरातल्या गावी मिठाच्या पाण्यातून काढून दिलेली दमदार वासाची हलूमी या एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत. दुसरी हवी असेल तर कोणत्या दुधाची असे विचारावे. उत्तर देणाऱ्याला प्रश्नाचे नवल वाटले नाही तर ठिकाण बरोबर आहे. उन्हाळ्यात तिच्याबरोबर थंड कलिंगड देतात, आणि तेव्हा दुसरे काही मागवण्याची गरज वाटत नाही.

रिकामी होत चाललेली गावे वाचवण्यासाठी १९९१ मध्ये कृषिपर्यटनाची सरकारी योजना सुरू झाली, त्यातून जुन्या दगडी घरांना डागडुजीसाठी मदत मिळाली, आणि डोंगरातील खाणावळींना किनाऱ्याबाहेरचे गिऱ्हाईक मिळू लागले. ओमोदोस आणि आसपासच्या वाइनच्या गावांत लहान द्राक्षमळेवाल्यांनी स्वतःच्या बाटल्या भरायला सुरुवात केली ती याच सुमारास. काकोपेत्रिया आणि प्लाट्रेसला डोंगरातल्या तळ्यांत वाढवलेला ट्राउट मासा मिळतो. तो ब्रिटिश काळाची आठवण करून देणारा असला तरी किनाऱ्यावरच्या बऱ्याच मेनूकार्डांवरील गोठवलेल्या कालवांपेक्षा नक्कीच ताजा असतो. समुद्राचा ताजा मासा हवा असल्यास लिमासोल-लार्नाका रस्त्यावरील झीयी हे गाव अजून नाव राखून आहे. तेथे मासे निवडायला समोर ठेवतात आणि वजनावर पैसे घेतात. सुएझ कालव्यातून आलेला लायनफिश गेल्या दशकात या पाण्यात बेसुमार वाढला, म्हणून त्याचे विषारी काटे काढून तो खाण्याचे आवाहन होऊ लागले आहे. तो दिसला तर मागवावा, कारण तो चविष्ट आहे आणि त्याला संपवणे हे पुण्यकर्म मानले जाते.

रेषेपलीकडच्या जेवणाचा विचार २००३ पर्यंत बेटावरच्या माणसाला जवळजवळ करताच येत नव्हता. त्या वर्षीच्या २३ एप्रिलला वाटा खुल्या झाल्या, आणि २००८ मध्ये जुन्या निकोसियातील लेद्रा रस्त्यावरचा नाका सुरू झाल्यावर एका भागात न्याहारी आणि दुसऱ्या भागात दुपारचे जेवण हे चालत जमू लागले. उत्तरेकडील ब्युयुक हान ही १५७२ मध्ये बांधलेली उस्मानी सराई आता दुरुस्त होऊन तिच्या चौकात खाण्यापिण्याची दुकाने मांडली आहेत. तेथे बसून मागवलेली तुर्की कॉफी आणि दोनशे पावले दक्षिणेकडे गेल्यावर मिळणारी सायप्रसची कॉफी एकाच लांब दांड्याच्या भांड्यातून, एकाच रीतीने येते. नाव तेवढे १९७४ नंतर बदलले.

शाकाहारी प्रवाशाला मात्र या इतिहासातील एक जुनी आणि पर्यटनाने न बिघडवलेली गोष्ट उपयोगी पडते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस उपवासाचे असतात, आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. म्हणून लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या काळात खाणावळीत चवळी आणि पालेभाजीचे ऑलिव्ह तेलातले लूवी, डाळींचे घट्ट वरण, वालाच्या दाण्यांचा पातळ रस्सा आणि सोतिरा गावचा कोलोकासी हे सारे आपोआप उपलब्ध होते. कोलोकासी म्हणजे आपल्या अळकुड्यांचाच जाड भाऊबंद. २०१६ पासून त्यालाही संरक्षित नाव मिळाले आहे. तो सुरीने कापत नाहीत, सुरी खुपसून ओढून तोडतात, आणि सोलल्यावर धूत नाहीत, नाहीतर तो बुळबुळीत होतो असे सांगतात. उपवासाचे जेवण असे सांगून ‘निस्तीसिमा’ मागितले की स्वयंपाकघरातून हरकत येत नाही, आणि ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तर ते फळ्यावर खडूने लिहिलेलेच असते.