हवामान बदलविषयक आंतरराष्ट्रीय वाटाघाटी

हरितगृह वायूंच्या वाढत्या उत्सर्जनामुळे होणारा हवामान बदल रोखणे, त्याच्या परिणामांना तोंड देणे आणि त्यासाठीच्या खर्चाचा व जबाबदारीचा वाटा ठरवणे यांसाठी राष्ट्रांमध्ये चालू असलेली करारप्रक्रिया. संयुक्त राष्ट्रांचा १९९२ चा हवामान बदलविषयक आराखडा करार, १९९७ चा क्योटो प्रोटोकॉल आणि २०१५ चा पॅरिस करार हे तिचे तीन प्रमुख दस्तऐवज. मराठीत ‘हवामान’ हा शब्द उद्याच्या पावसापाण्यासाठीही चालतो आणि अनेक दशकांच्या सरासरीसाठीही. या नोंदीत तो दुसऱ्या अर्थाने घेतला आहे. याच अर्थाने ‘जलवायू परिवर्तन’, ‘वातावरणीय बदल’ हे शब्दही रूढ आहेत.

प्रारंभाचा प्रश्न : या वाटाघाटी नेमक्या कधी सुरू झाल्या याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पृथ्वीचे तापमान वाढू शकते हे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते आणि हवाईतील मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ पासून या वायूचे सलग मापन सुरू केले होते. परंतु या शास्त्रीय घडामोडींना वाटाघाटींचा आरंभ म्हणता येत नाही. राजनैतिक आरंभासाठी साधारणपणे चार वर्षे सुचवली जातात : १९७२, १९७९, १९८५ आणि १९८८.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेली मानवी पर्यावरण परिषद हा आरंभ मानणारे लेखक प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक आहेत. आपल्या अधिकारक्षेत्रातील व्यवहारांमुळे दुसऱ्या राष्ट्राच्या पर्यावरणाला हानी पोहोचू नये याची जबाबदारी प्रत्येक राष्ट्रावर आहे, हे त्या परिषदेच्या जाहीरनाम्यातील २१ वे तत्त्व त्यांच्या युक्तिवादाचा आधार आहे. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रमही याच परिषदेतून उभा राहिला. मात्र परिषदेचा भर प्रदूषण व विकास यांवर होता; हवामानाचा विषय तिथे जेमतेमच आला. फेब्रुवारी १९७९ मध्ये जिनीव्हात जागतिक हवामानशास्त्र संघटनेने भरवलेली पहिली जागतिक हवामान परिषद हे दुसरे मत. तिथे विषय हवामानाचाच होता, पण जमलेली मंडळी बव्हंशी शास्त्रज्ञ होती आणि सरकारांना बांधील करणारे काही ठरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

ऑस्ट्रियातील फिलाख येथे ऑक्टोबर १९८५ मध्ये झालेल्या बैठकीचा दावा अधिक वजनदार आहे. पुढील शतकाच्या पूर्वार्धात मानवी इतिहासात कधी झाली नाही इतकी तापमानवाढ संभवते, असे तेथील निवेदनात म्हटले होते. त्याच वर्षी ओझोन थराच्या रक्षणासाठी व्हिएन्ना करार झाला आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रिऑल प्रोटोकॉल आला. आधी सर्वसाधारण आराखडा, मग बंधनकारक प्रोटोकॉल ही घडण हवामानाच्या करारांनी ओझोनच्या या उदाहरणावरूनच उचलली. जून १९८८ मधील टोरांटो परिषदेने तर १९८८ च्या पातळीपासून साधारण २००५ पर्यंत कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन २० टक्क्यांनी कमी करावे असे सुचवून टाकले. हा आकडा पुढे पुष्कळ उद्धृत झाला, परंतु परिषदेतील मंडळी बहुशः वैयक्तिक नात्याने आली असल्याने तो कोणत्याही सरकारवर बंधनकारक नव्हता.

प्रस्तुत नोंदीत १९८८ हे वर्ष धरले आहे, ते टोरांटोमुळे नव्हे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. जागतिक हवामानशास्त्र संघटना व पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून हवामान बदलाविषयीच्या शास्त्रीय पुराव्याचा आढावा घेणारे आंतरशासकीय मंडळ (आयपीसीसी) स्थापन केले आणि स्वीडनचे बर्ट बोलिन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आणि ६ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक ४३/५३ संमत केला. हा ठराव माल्टाने आणला होता. माल्टाच्या मूळ मांडणीत हवामान हा ‘मानवजातीचा सामाईक वारसा’ होता. याच देशाने १९६७ मध्ये समुद्रतळाविषयी आमसभेपुढे मांडलेल्या कल्पनेचा हा पुढचा टप्पा. वारसा म्हटला की वाटणी आली आणि सामाईक व्यवस्थापनही आले; ते अनेक राष्ट्रांना नको होते. अखेर संमत ठरावात ‘वारसा’ जाऊन ‘सामाईक चिंतेचा विषय’ आला. हा बदल वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि चिंता सर्वांची असली तरी मालकी कोणाचीच ठरत नाही, आणि पुढच्या सर्व करारांत वातावरणाच्या वाटणीचा प्रश्न या एका शब्दामुळे बाजूला राहिला असे म्हणण्यास जागा आहे.

आराखडा करार : वाटाघाटी कोणाच्या छत्राखाली व्हाव्यात यावर १९९० मध्ये ओढाताण झाली. आयपीसीसीत श्रीमंत देशांच्या शास्त्रज्ञांचे वर्चस्व असल्याची विकसनशील देशांची तक्रार होती. त्यांना आमसभा हवी होती. २१ डिसेंबर १९९० च्या ठराव क्रमांक ४५/२१२ ने आंतरशासकीय वाटाघाटी समिती नेमली. तिची पहिली बैठक फेब्रुवारी १९९१ मध्ये वॉशिंग्टनजवळील शँटिली येथे झाली. अध्यक्षस्थानी फ्रान्सचे झाँ रिपेर होते. मजकूर ९ मे १९९२ रोजी न्यूयॉर्क येथे स्वीकारला गेला, जून १९९२ च्या रिओ परिषदेत तो सह्यांसाठी खुला झाला आणि २१ मार्च १९९४ पासून अंमलात आला. रिओत हा करार ‘झाला’ असे सर्रास लिहिले जाते, ते काटेकोर नाही.

कराराच्या ४ थ्या अनुच्छेदाचा दुसरा परिच्छेद हा मसुदालेखनाचा विशेष नमुना समजला जातो. युरोपीय देशांना विकसित राष्ट्रांचे उत्सर्जन २००० सालापर्यंत १९९० च्या पातळीवर आणायचे होते. अमेरिकेला आकडा व मुदत दोन्ही अमान्य. तोडगा असा निघाला की मुदत एका उपपरिच्छेदात ठेवली आणि १९९० चा आकडा दुसऱ्यात. पहिल्यात दशकाअखेर ‘पूर्वीच्या पातळीवर’ परतण्याचा उल्लेख आहे, पण कोणती पातळी ते नाही. दुसऱ्यात १९९० ची पातळी आहे, पण केव्हापर्यंत ते नाही. दोन्ही एकत्र वाचले तर उद्दिष्ट दिसते, मात्र बंधन सापडत नाही.

‘समान परंतु वेगवेगळी जबाबदारी’ हे सूत्र ३ ऱ्या अनुच्छेदात आहे. त्याच्या आधाराविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. रिओ जाहीरनाम्याच्या ७ व्या तत्त्वात या वेगळेपणाचे कारण पर्यावरणाच्या ऱ्हासात प्रत्येक राष्ट्राचा वाटा वेगळा आहे असे दिले आहे, म्हणजे पाया ऐतिहासिक उत्तरदायित्वाचा. कराराच्या मजकुरात मात्र ‘आणि आपापल्या क्षमता’ ही जोड आहे. विकसनशील देश, विशेषतः भारत व चीन, पहिल्या अर्थावर भर देत आले. अमेरिकेने दुसरा अर्थ धरला, कारण क्षमता कालांतराने बदलते, इतिहास बदलत नाही. १९९१ च्या सुमारास दिल्लीतील अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी जगण्यापुरते उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एकाच तागडीत तोलू नये असा आक्षेप घेतला होता. दरडोई उत्सर्जनाच्या मागणीला त्यातून बळ मिळाले, तरी करारात ती बंधनकारक निकष म्हणून उतरली नाही. विकसित राष्ट्रांची नावे पहिल्या परिशिष्टात घालून भेद यादीनेच ठरवण्यात आला.

निर्णयपद्धतीबद्दल एक तांत्रिक मुद्दा येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखनात तो क्वचितच येतो. १९९५ च्या बर्लिन येथील पहिल्या पक्षकार परिषदेत (कॉप; करारात सामील राष्ट्रांची परिषद) कामकाजाच्या नियमांचा मसुदा मांडला गेला. त्यातील मतदानाविषयीचा ४२ वा नियम सौदी अरेबिया व अन्य तेल-उत्पादक राष्ट्रांच्या विरोधामुळे मंजूर झाला नाही. तेव्हापासून दर परिषदेत हा नियम वगळून बाकीचे नियम ‘लागू’ केले जातात, ‘स्वीकारले’ जात नाहीत. परिणामी महत्त्वाचे निर्णय सर्वसहमतीनेच घ्यावे लागतात. सर्वसहमती म्हणजे काय याची व्याख्या मात्र कुठेच नाही. २०१० मध्ये कान्कुन येथे बोलिव्हियाने उघड विरोध केला असताना अध्यक्षा पात्रिसिया एस्पिनोसा यांनी सहमती झाल्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये दोहा येथे रशियाचा आक्षेपही असाच मागे पडला. २०११ मध्ये मेक्सिको व पापुआ न्यू गिनी यांनी मतदानाची तरतूद करण्याचा प्रस्ताव आणला; तो संमत झाला नाही.

क्योटो प्रोटोकॉल : बर्लिन परिषदेने विकसनशील देशांवर नवी बंधने न घालता विकसित देशांसाठी आकडेवार उद्दिष्टे ठरवावीत असा आदेश दिला. त्यावर अमेरिकी सिनेटने, जिच्या मान्यतेवाचून अमेरिकेला असा करार स्वीकारता येत नाही, जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी नापसंतीचा ठराव केला, म्हणजे क्योटोचे भवितव्य परिषद भरण्यापूर्वीच बरेचसे ठरले होते. ११ डिसेंबर १९९७ रोजी अर्जेंटिनाचे राउल एस्त्रादा-ओयुएला यांच्या सूत्रसंचालनाखाली मजकूर संमत झाला. १९९० च्या तुलनेत २००८–१२ या काळात विकसित देशांचे सहा वायूंचे एकत्रित उत्सर्जन सुमारे ५.२ टक्क्यांनी घटवायचे होते : युरोपीय समुदाय ८, अमेरिका ७, जपान ६, ऑस्ट्रेलियाला मात्र ८ टक्के वाढीची मुभा. उत्सर्जन-हक्कांचा व्यापार आणि स्वच्छ विकास यंत्रणा (विकसनशील देशांतील प्रकल्पांतून झालेली कपात विकसित देशांनी आपल्या खाती मांडण्याची सोय) या तरतुदी याच मजकुरातल्या. यांतील दुसरी ब्राझीलच्या एका प्रस्तावातून निघाली. तो प्रस्ताव मुळात उद्दिष्ट चुकवणाऱ्या देशांकडून दंड घेऊन निधी उभारण्याचा होता. वाटाघाटींत त्या दंडाचा बाजार झाला.

अंमलबजावणीची अट दुहेरी होती : ५५ पक्षकारांचे अनुसमर्थन (औपचारिक अंतिम मान्यता), आणि त्यांत १९९० मधील पहिल्या परिशिष्टाच्या कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनापैकी किमान ५५ टक्के वाटा असलेले विकसित देश. यांपैकी ३६.१ टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा. तिने २००१ मध्ये अंग काढून घेतल्यावर १७.४ टक्क्यांच्या रशियावाचून बेरीज पुरी होईना. रशियाने २००४ च्या अखेरीस अनुसमर्थन केले आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी प्रोटोकॉल लागू झाला. दुसऱ्या कालखंडासाठीची दोहा दुरुस्ती २०१२ मध्ये संमत झाली, पण ती लागू झाली ३१ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे तो कालखंड संपला त्याच दिवशी.

कोपनहेगन ते पॅरिस : २००९ च्या कोपनहेगन परिषदेत अमेरिका आणि चीन, भारत, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांच्या नेत्यांनी शेवटच्या टप्प्यात एक समझोता केला. २ अंश सेल्सिअसची मर्यादा व २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे आश्वासन त्यात होते. तुवालू, बोलिव्हिया, व्हेनेझुएला, सुदान आदी देशांच्या विरोधामुळे परिषदेने त्याची केवळ ‘दखल घेतली’. तरीही पुढच्याच वर्षी त्यातला बराचसा आशय कान्कुनच्या निर्णयांत आला. कोपनहेगनला सरसकट अपयश म्हणणारे मत त्यामुळे थोडे घाईचे वाटते. २०११ च्या डर्बन परिषदेने ‘सर्व पक्षकारांना लागू’ असा नवा करार २०१५ पर्यंत करायचे ठरवले.

पॅरिस करार १२ डिसेंबर २०१५ रोजी संमत व ४ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाला. तापमानवाढ औद्योगिकपूर्व पातळीपेक्षा २ अंशांच्या बरीच खाली ठेवणे व १.५ अंशासाठी प्रयत्न करणे हे त्याचे ध्येय. उद्दिष्टे वरून वाटून न देता प्रत्येक राष्ट्राने आपले योगदान स्वतः ठरवायचे व दर पाच वर्षांनी नवे सादर करायचे. योगदान सादर करणे बंधनकारक, गाठणे नव्हे. १९९२ च्या ‘समान परंतु वेगवेगळी जबाबदारी’ या सूत्रापुढे ‘भिन्न राष्ट्रीय परिस्थितीच्या प्रकाशात’ हे शब्द जोडले गेले. ते नोव्हेंबर २०१४ च्या अमेरिका–चीन संयुक्त निवेदनातून आलेले आहेत. अखेरच्या बैठकीत ४ थ्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदावर सारे अडले. विकसित देश अर्थव्यवस्थाव्यापी कपात ‘करतील’ असे बंधनकारक शब्दांत मसुद्यात होते. तसे राहिले असते तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता, अशी अमेरिकेची अडचण होती. ‘करतील’च्या जागी ‘करावी’ आले, आणि सचिवालयाने ही तांत्रिक दुरुस्ती म्हणून इतर किरकोळ चुकांसोबत वाचून दाखवली. हानी व नुकसानीविषयीच्या ८ व्या अनुच्छेदावरून भरपाईचे दायित्व उद्भवत नाही असे सोबतच्या निर्णयात नमूद आहे. समुद्रपातळी वाढीच्या भरपाईसाठी विमानिधी असावा ही मागणी वनुआतूने छोट्या द्वीपराष्ट्रांच्या वतीने १९९१ मध्येच केली होती. त्यासाठी निधी स्थापण्याचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे झाला.

नंतरच्या घडामोडी : २०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळसा ‘टप्प्याटप्प्याने बंद’ ऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ हा शब्दबदल भारताने शेवटच्या क्षणी मांडल्याने टीका त्याच्यावर झाली, तथापि हाच शब्दप्रयोग काही दिवस आधीच्या अमेरिका–चीन जाहीरनाम्यात होता. २०२३ च्या दुबई निर्णयात ऊर्जाक्षेत्राने जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा प्रथमच उल्लेख आला. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, त्यावर भारताने सभागृहातच आक्षेप नोंदवला. अमेरिका पॅरिस करारातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली व जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

वनुआतूच्या पुढाकाराने आमसभेने मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्लामत मागितले. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने ते दिले. पर्यावरणाची लक्षणीय हानी टाळण्याचे कर्तव्य रूढीजन्य (राष्ट्रांच्या वहिवाटीतून बनलेल्या) आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार राष्ट्रांवर आहे आणि ते हवामान करारांपुरते मर्यादित नाही, असे त्यात म्हटले आहे. सल्लामत बंधनकारक नसते; मात्र आरंभ १९७२ पासून मोजणाऱ्यांच्या बाजूला त्याने बळ दिले आहे.