गूढ (विशेषण)

समोर असूनही ज्याचा अर्थ हाती लागत नाही अशा माणसाला, वस्तूला, जागेला किंवा वागण्याला लावले जाणारे मराठी विशेषण. संस्कृतातील ‘गुह्’ म्हणजे झाकणे, लपवणे या धातूपासून ते आले. गुहा आणि गुह्य हे शब्द त्याच घरातले. लिंग-वचनाप्रमाणे त्याचे रूप बदलत नाही : गूढ माणूस, गूढ बाई, गूढ हसू, गूढ आकृत्या. ‘त्या मृत्यूचे गूढ कायम आहे’ असे नपुंसकलिंगी नाम म्हणूनही ते चालते. कोकण किनाऱ्याला हे विशेषण फार सढळ हाताने लावले जाते. त्यातले थोडेच चपखल बसते, म्हणून या नोंदीत तिथला वापर पाहिला आहे.

चपखल वापराचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कोकणातील कातळशिल्पे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत व पुढे गोव्यात जांभ्याच्या उघड्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, माणसे, प्राणी, मासे आणि भौमितिक आकार कोरलेले आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी खोदले आहेत. बारसूच्या सड्यावर एक मानवाकृती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी. काही ठिकाणी गेंडे दिसतात. आज कोकणात गेंडा नाही. भर दुपारी सड्यावर उभे राहिले तर पायाखालची रेघसुद्धा चटकन दिसत नाही. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की खाचेत सावली भरते आणि आख्खा प्राणी वर येतो. गावकऱ्यांना यांतली काही चित्रे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, पांडवांनी कोरली असेही सांगितले जाई. स्थानिक अभ्यासकांनी सडे पायाखाली घालून शोध घेतला, मोजमापे झाली, 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या स्थळांची नोंद झाली. तरीही कोणी, कशासाठी कोरले याचे खात्रीचे उत्तर नाही. जितके मोजावे तितके प्रश्न वाढतात. इथे ‘गूढ’ हा शब्द पूर्ण वजनाने वापरावा. चित्र उघड्यावर आहे, लपलेले काहीच नाही. वाचता येत नाही ते त्याचे प्रयोजन.

‘रहस्यमय’ आणि ‘संशयास्पद’ हे गूढचे शेजारी, पण त्यांचे काम वेगळे. 18 ऑगस्ट 2022 रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी नौका लागली आणि तीत तीन एके-47 रायफली सापडल्या. किनाऱ्यावर घबराट पसरली. त्याच दिवशी विधिमंडळात खुलासा झाला : नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर खलाशांची सुटका झालेली, आणि तेव्हापासून ती वाहत आलेली. नौका संशयास्पद होती, रहस्यमयही म्हणता येईल. एका माहितीने जे सुटते त्याला गूढ म्हटले की शब्द स्वस्त होतो. बातम्यांत मात्र ‘गूढ उकलले’ हा प्रयोग इतका रुळला आहे की तो चूक ठरवण्यात अर्थ नाही.

उलट दिशेचे उदाहरण किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत दिसते. रात्री लाट फुटताना निळी चमक उठते. ती नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवांची. पाणी ढवळले गेले की ते प्रकाश सोडतात. हे कळल्यावर ती चमक गूढ राहत नाही, सुंदर मात्र तितकीच राहते. अशा वेळी ‘अद्भुत’ हे विशेषण योग्य.

देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, आणि देवस्थानांच्या चालीरीती यांना पर्यटनाच्या जाहिराती सरसकट ‘गूढ’ म्हणतात, आणि तो सर्वांत त्रासदायक वापर आहे. देवराईतले लाकूड तोडायचे नाही, हा नियम गावातल्या लहान मुलालाही पाठ असतो. कौल लावताना गुरव पाषाणावर चिकटवलेल्या कळ्यांपैकी कुठल्या बाजूची आधी पडते ते पाहतो आणि देवाचा होकार-नकार सांगतो. गाऱ्हाणे घालणाऱ्याला ती भाषा येते. बाहेरच्याला येत नाही म्हणून ती गूढ ठरत नाही, अपरिचित ठरते. गूढ म्हटले की विचारणे थांबते, आणि विचारले तर सांगणारी माणसे तिथेच बसलेली असतात.

माणसांबाबत बोलीत हा शब्द क्वचितच ऐकू येतो. ‘आतल्या गाठीचा’, ‘घुमा’, ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ असे म्हणतात. मालवणीत ‘तेच्या मनात काय आसा, कळणा नाय’. यांतला ‘आतल्या गाठीचा’ हा नापसंतीचा शेरा आहे, त्यात लबाडीचा वास येतो. ‘गूढ’मध्ये तो दोष नाही, उलट थोडा दरारा आहे. म्हणून हा शब्द बहुधा दुरून पाहणाऱ्याच्या तोंडी येतो. गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या पडवीत काकांना विचारतो, खालची कलमांची बाग द्यायची का. काका अडकित्त्याने सुपारी कातरत राहतात, एक खांड पुढे करतात आणि ‘बघूया’ म्हणतात. ना होकार, ना नकार; चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. परतीच्या गाडीत पुतण्या म्हणतो, काका फार गूढ आहेत. शेजारी म्हणतात, ‘तसो नाय तो, इचार करता.’ बाग सामायिक आहे, सातबाऱ्यावर भावांची, चुलत्यांची, वारलेल्यांचीही नावे आहेत, आणि त्यांतल्या एकाने परस्पर शब्द दिला तर काय होते हे वाडीने पाहिलेले असते.