आर्क्टिकमधल्या शाळेची न्याहारी

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत या प्रदेशाची राजधानी असलेल्या इकालुइटमध्ये डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी दोनच्या आत मावळतो. मुले शाळेत पोहोचतात तेव्हा बाहेर काळोख असतो आणि पारा पुष्कळदा उणे 20 अंशांच्याही खाली गेलेला असतो. अशा सकाळी रिकाम्या पोटी वर्गात बसलेल्या इन्युइट या आर्क्टिकमधल्या मूलनिवासी समाजातल्या आठ वर्षांच्या मुलीच्या शरीरात काय चाललेले असते, हे समजून घेतले तर शाळेतल्या न्याहारीचा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो.

प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण 20 टक्के ऊर्जा वापरतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांमध्ये हाच वाटा 40 टक्क्यांच्या वर जातो. रात्रभराच्या उपवासात मेंदूला ग्लुकोज पुरवण्याचे काम मुख्यतः यकृतातल्या साठ्यावर चालते आणि लहान मुलांमध्ये हा साठा मोठ्यांच्या तुलनेत लवकर संपत येतो. मग शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढवून रक्तातली साखर सावरून धरते. साखर सावरली जाते, पण त्याची किंमत चिडचिड, अस्वस्थता आणि उडणारे लक्ष या रूपांत मोजावी लागते. शिक्षकाला दिसते ते चुळबुळ करणारे, क्षुल्लक कारणावरून भांडणारे किंवा बाकावर डोके टेकवून बसलेले मूल. त्याला खोडकर किंवा आळशी ठरवण्याआधी त्याने सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे विचारायला हवे.

मात्र न्याहारीचा लाभ सर्व मुलांना सारखा होत नाही. 1989 मध्ये जमैकातील शाळकरी मुलांवर झालेल्या एका अभ्यासात न्याहारी चुकल्याचा बौद्धिक चाचण्यांवरील दुष्परिणाम प्रामुख्याने खुरटलेल्या किंवा पूर्वी कुपोषित असलेल्या मुलांमध्ये दिसला. चांगले पोषण मिळालेल्या मुलांमध्ये तो तसा आढळला नाही. ज्यांच्या घरी अन्नाची खात्री नाही, त्यांच्याच बाबतीत सकाळच्या एका खाण्याने सर्वांत जास्त फरक पडतो, असा याचा अर्थ. 2007-08 मध्ये नुनावुतमध्ये झालेल्या इन्युइट बालआरोग्य सर्वेक्षणात शाळापूर्व वयाची सुमारे 70 टक्के मुले अन्न-असुरक्षित घरांत राहत असल्याचे दिसून आले होते. तिथली 25 गावे एकमेकांशी रस्त्याने जोडलेली नाहीत. ताजे अन्न विमानाने येते आणि जड सामान उन्हाळ्यातल्या जहाजाने.

तरीही केवळ ताट वाढून हा प्रश्न सुटत नाही, कारण मूलनिवासी कुटुंबांच्या मनात शाळा आणि अन्न या जोडीचा एक भयंकर इतिहास आहे. कॅनडात दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले आणि तिथली उपासमार अनेकांनी साक्षीत सांगितली आहे. 1948 ते 1952 या काळात सहा निवासी शाळांतील सुमारे 1,000 मुलांवर पोषणाचे प्रयोग केले गेले. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी 2013 मध्ये हा प्रकार उजेडात आणला. एका शाळेत मुलांना मिळणारे अपुरे दूध तुलनेची आधाररेषा म्हणून दोन वर्षे तसेच ठेवण्यात आले. दात आणि हिरड्यांची स्थिती हे मोजमापाचे साधन असल्याने काही ठिकाणी दातांचे उपचारही रोखून धरण्यात आले. भुकेल्या मुलांना अन्न द्यायचे सोडून त्यांच्या भुकेची मोजदाद केली गेली, आणि याला विज्ञान म्हटले गेले. त्या मुलांची नातवंडे आज शाळेत जातात. म्हणूनच न्याहारी कोण शिजवतो आणि पातेल्यात काय घालायचे हे कोण ठरवतो, हे प्रश्न मला कॅलरींइतकेच महत्त्वाचे वाटतात.

पातेल्यात काय असावे, याचे उत्तर जीवशास्त्रही देते. दूध, साखर घातलेले सीरियल आणि फळांचा रस हा न्याहारीचा नेहमीचा साचा आर्क्टिकमध्ये नीट बसत नाही. दुधातील लॅक्टोज पचवण्याची क्षमता बालपणानंतर घटणे इन्युइट आणि फर्स्ट नेशन्स (कॅनडातले इतर मूलनिवासी समाज) लोकांत सर्रास आढळते. त्याहून कमी परिचित गोष्ट साध्या साखरेची आहे. लहान आतड्यातले सुक्रेज-आयसोमाल्टेज हे एन्झाइम साखरेचे विघटन करते; जगात इतरत्र त्याचा जन्मजात अभाव अत्यंत दुर्मीळ असला तरी ग्रीनलँडच्या इन्युइट लोकांत तो सुमारे 5 ते 10 टक्क्यांमध्ये असल्याचा अंदाज आहे, आणि त्यामागचा जनुकीय बदल कॅनडातल्या इन्युइट लोकांतही सापडतो. हजारो वर्षे मांस आणि मासे यांवर जगलेल्या समाजात हा बदल फारसा जाचक ठरला नसावा. आज मात्र अशा मुलाला गोड रस दिला, तर न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, आणि तासाभरात पोटफुगी, कळा, जुलाब सुरू होतात. ज्या खाण्याने त्याला बरे वाटायचे, त्यानेच ते वर्गातून उठून जाते.

याउलट कॅरिबू (रेनडिअर) आणि सील (समुद्री सस्तन प्राणी) यांच्या मांसातले हीम लोह, म्हणजे रक्त आणि मांसात असणारे लोह, धान्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते, आणि लोह कमी पडले की स्मरण आणि लक्ष या दोन्हींवर परिणाम होतो. आर्क्टिक चार या माशातून ड जीवनसत्त्व मिळते, जे हिवाळ्यातल्या तिथल्या उन्हातून त्वचेला तयार करताच येत नाही. चार माशाचा गरम रस्सा हा इथे पोषणशास्त्राच्या कसोटीला उतरणारा नाश्ता आहे, आणि मुलांना तो आजीच्या घरून ओळखीचाही असतो.

कॅनडाच्या अनेक प्रांतांत तपासणी न झालेले शिकारीचे मांस सार्वजनिक स्वयंपाकघरात वापरण्यावर निर्बंध आहेत. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, पण नियम करताना पिढ्यान् पिढ्या मांस जोखणाऱ्या शिकाऱ्यांचे ज्ञान क्वचितच विचारात घेतले गेले. एप्रिल 2024 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी 100 कोटी डॉलरची राष्ट्रीय शालेय अन्न योजना जाहीर केली. तिचा लाभ आणखी 4 लाख मुलांपर्यंत पोहोचवण्याचे उद्दिष्ट आहे. तोवर जी-7 गटात अशी राष्ट्रीय योजना नसलेला कॅनडा हा एकमेव देश होता. या पैशातून गावातल्या शिकाऱ्याने आणलेला चार मासा विकत घेता यावा, तो साफ करून शिजवणाऱ्या बाईला त्याचा पगार मिळावा आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला, घरची परिस्थिती न विचारता, त्याची वाटी मिळावी, इतकी तरतूद तरी नियमांत हवी.