मापन व वैज्ञानिक पद्धती, रसायनशास्त्रातील

पदार्थाचे वस्तुमान, आकारमान किंवा तापमान ठरावीक एककात मोजणे आणि त्या मोजमापावर गृहीतकाची परीक्षा घेणे, हा प्रायोगिक रसायनशास्त्राचा पाया आहे. प्राथमिक पाठ्यपुस्तकांत निरीक्षण, गृहीतक, प्रयोग आणि निष्कर्ष असा क्रम दिलेला असतो. प्रत्यक्ष काम इतके सरळ चालत नाही. पुष्कळदा प्रयोगच गृहीतक बदलायला लावतो. एक अट मात्र सुटत नाही : मोजमापाने खोटे ठरू शकेल असेच गृहीतक विज्ञानात उपयोगी पडते.

‘जळल्यावर पदार्थ हलका होतो’ ही समजूत तपासायला मॅग्नेशियमची फीत उत्तम. रिकामी मूस (तीव्र उष्णता सोसणारी लहान वाटी) झाकणासह तापवून, थंड करून तिचे वजन करतात. तिच्यात समजा ०.३०४ ग्रॅम फीत ठेवली. तापवताना झाकण चिमट्याने अधूनमधून किंचितच उचलायचे, म्हणजे हवा आत जाते आणि पांढरा धूर बाहेर पडत नाही. सगळ्या धातूचे ऑक्साइड झाले, तर ०.५०४ ग्रॅम भरायला हवे. हाती बहुधा कमी येते. धूर निसटणे आणि थोडा धातू न जळता राहणे ही त्याची उघड कारणे. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही : काही मॅग्नेशियम हवेतील नायट्रोजनशी संयोग पावून नायट्राइड बनते. ऑक्साइड होताना वस्तुमान १.६६ पट होते, नायट्राइड होताना १.३८ पटच. म्हणून मूस थंड झाल्यावर पाण्याचे काही थेंब घालून ती पुन्हा हळूहळू तापवतात. नायट्राइडचे हायड्रॉक्साइड होते, अमोनियाचा वास येतो आणि पुढच्या तापवण्यात हायड्रॉक्साइडचे ऑक्साइड होते. तापवणे, थंड करणे व वजन करणे हा क्रम लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत चालू ठेवावा लागतो. गरम मूस तराजूवर ठेवू नये. तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि वजन खऱ्यापेक्षा कमी दिसते.

मोजमापाच्या शेवटच्या अंकाला किती महत्त्व असते, हे आरगॉनच्या शोधात दिसते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी नायट्रोजनची घनता दोन मार्गांनी मोजली. ऑक्सिजन व इतर घटक काढून टाकलेल्या हवेपासूनचा नायट्रोजन एका लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक अवघा अर्ध्या टक्क्याचा. मोजमाप एका टक्क्याइतपतच भरवशाचे असते, तर तो दिसलाच नसता. तो प्रयोगाच्या चुकीपेक्षा मोठा आहे अशी खात्री असल्यामुळेच रॅली आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी त्याच्या मागे लागले आणि १८९४ मध्ये त्यांनी हवेतील नव्या निष्क्रिय वायूची घोषणा केली.

एकके : मीटर व किलोग्रॅमचे प्लॅटिनमचे नमुने फ्रान्समध्ये १७९९ मध्ये तयार झाले. १८७५ च्या मीटर करारावर १७ देशांनी सह्या केल्या आणि १९६० मध्ये आजची आंतरराष्ट्रीय एकक पद्धती स्वीकारली गेली. पदार्थाचे प्रमाण कणांच्या संख्येवरून सांगणारे मोल हे एकक तिच्यात १९७१ मध्ये आले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून (पुंजभौतिकीतील एका मूलभूत स्थिर राशीवरून) ठरतो आणि एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ घटक (अणू, रेणू वगैरे). लिटरची कथा वेगळी आहे. १९०१ पासून लिटर म्हणजे कमाल घनतेच्या एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान असे मानत. ते घन डेसिमीटरपेक्षा सुमारे २८ दशलक्षांश भागाने जास्त होते. १९६४ मध्ये दोन्ही एकके नेमकी समान केली. म्हणून आता १ मिलिलिटर म्हणजे १ घन सेंटिमीटरच.

उपकरणे : चंचुपात्रावरच्या खुणा अंदाजापुरत्या असतात. मोजपात्र त्याहून बरे; नेमक्या कामाला मात्र पिपेट (ठरावीक आकारमानाचा द्रव ओढून घेऊन सोडणारी नळी), ब्युरेट (खुणा असलेली, तोटीची उभी नळी) आणि मापन चंबूच हवेत. त्यांवरील खुणा साधारणपणे २० अंश सेल्सियसला धरून केलेल्या असतात, त्यामुळे द्रावण गरम असताना चंबू खुणेपर्यंत भरणे चूक. पाण्यासारख्या द्रवाचा पृष्ठभाग नळीत खोलगट होतो. त्याच्या तळाची रेषा डोळ्याच्या पातळीवर आणून वाचतात. वरून पाहिले तर मोजपात्रातील द्रव जास्त भासतो. ब्युरेटवरचे आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणून तिथे तीच चूक वाचन कमी दाखवते. साध्या पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून काढू नये; तो खुणेच्या हिशेबात आधीच वगळलेला असतो.

सार्थ अंक : मापनाच्या शेवटच्या अंकात नेहमी अंदाज असतो आणि त्यापुढचे अंक लिहिणे म्हणजे नसलेली माहिती सांगणे. २७.०६ ग्रॅमचा धातूचा तुकडा मोजपात्रात सोडल्यावर पाणी ३०.० वरून ३३.४ मिलिलिटरवर चढले, तर गणकयंत्र घनता ७.९५८८२३५ दाखवते. लिहायची मात्र ८.० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. वाचनांत तीन-तीन सार्थ अंक असले तरी वजाबाकीने ३.४ हे दोनच उरतात. तराजू आणखी सूक्ष्म घेऊन इथे काही साधत नाही. मोठा तुकडा घ्यावा म्हणजे आकारमानातील फरक वाढतो.

वाचने एकमेकांशी जुळणे आणि ती खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुमापनात, म्हणजे पिपेटने घेतलेल्या आम्लाशी पूर्ण अभिक्रिया व्हायला ब्युरेटमधले किती द्रावण लागते ते मोजताना, २४.६०, २४.६५, २४.६० मिलिलिटर अशी वाचने आली, तरी ब्युरेटमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडची संहतीच (द्रावणाच्या एका लिटरमधील मोलांची संख्या) चुकीची धरली असेल तर उत्तर तितकेच चुकते. हा पदार्थ हवेतील ओलावा व कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो, त्यामुळे नुसत्या वजनावरून त्याची संहती ठरवता येत नाही. ती ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी ताडून पाहतात. या आम्लाचे स्फटिक १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिलिलिटर द्रावण केले की संहती ०.०५०० मोल प्रति लिटर होते. नेमके तेवढेच वजन साधण्यासाठी कण कण वाढवत बसू नये; जवळपास घ्यावे, भरले तितके नोंदवावे आणि संहती त्यावरून काढावी.

ब्युरेट आणि पिपेट त्यांत भरायच्या द्रावणानेच विसळतात, कारण आतले पाणी ते द्रावण विरल करते. शंकुपात्र मात्र ऊर्ध्वपातित पाण्यानेच धुवावे. त्यात पाणी राहिले तरी पिपेटने सोडलेले आम्लाचे मोल बदलत नाहीत. आम्लाने विसळले तर भिंतीला राहिलेले आम्ल हिशेबाबाहेर वाढते.