रेडिओवरच्या मैफलीची सुरुवात

५ नोव्हेंबर १९१९ रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका दैनिकात जाहिरात आली: उद्या रात्री ८ ते ११, ६७० मीटर तरंगलांबीवर रेडिओ-मैफल; साधा रेडिओ असलेल्या कोणालाही ऐकता येईल. ती दिली होती हेगचे अभियंते हान्सो इडझेर्डा यांनी. बिनतारी यंत्रावरून गाणी त्याआधीही वाजली होती, पण ती बहुतेक चाचणीपुरती. कोणाच्या कानी पडली तर पडली. इडझेर्डांनी वार, वेळ आधी सांगून अनोळखी लोकांना गाणं ऐकायला बोलावलं. माझ्या लेखी प्रसारण सुरू झालं ते इथे.

व्यवहार साधा होता. त्यांचा रेडिओ बनवण्याचा कारखाना होता, आणि ऐकण्यासारखं काही असल्याशिवाय लोक रेडिओ घेणार कशाला? त्या काळी तबकड्यांचा आवाज विजेवर येत नसे, म्हणून ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मायक्रोफोन धरायचा. मायक्रोफोनमधले कोळशाचे कण एकमेकांना चिकटून बसले की आवाज घोगरा होई. मग टिचकी मारून ते मोकळे करायचे. ऐकणाऱ्यांकडे बहुधा हेडफोनचा एकच जोड. तो चिनी मातीच्या वाडग्यात ठेवला की आवाज जरा घुमायचा आणि घरातले सगळे वाडग्याभोवती डोकी जुळवून बसायचे. ते दृश्य मला फार आवडतं.

हेगच्या या मैफली समुद्रापलीकडे इंग्लंडमध्येही ऐकू जात. त्या चालू राहाव्यात म्हणून तिथल्या हौशी श्रोत्यांनी वर्गणी काढली. पुढे १९२२ मध्ये ‘डेली मेल’ या इंग्रजी वृत्तपत्रानेही खर्च उचलला.

कारण या श्रोत्यांच्या स्वतःच्या देशात, इंग्लंडमध्ये, नियम कडक होते. १४ फेब्रुवारी १९२२ पासून तिथल्या रिटल गावातल्या, बिनतारी यंत्रं बनवणाऱ्या मार्कोनी कंपनीच्या केंद्राला आठवड्यातून जेमतेम अर्धा तास मिळाला, तोही मंगळवारी. त्यातही दर दहा मिनिटांत तीन मिनिटं गप्प राहायचं, बंद करण्याचा हुकूम येतो का ते ऐकण्यासाठी! तिथले अभियंते पीटर एकर्सली यांनी एका मंगळवारी मायक्रोफोन हाती घेतला आणि नकला, विडंबनं, ऑपेराची टिंगल असा धमाल कार्यक्रम केला. श्रोत्यांची खूश होऊन पत्रं आली. लोकांना नुसतं संगीत नको, बोलणारं, हसवणारं माणूसही हवं, हे त्या पत्रांनी दाखवून दिलं.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला बीबीसीचं प्रसारण सुरू झालं. इडझेर्डांचं मात्र दिवाळं निघालं आणि १९२४ मध्ये हेगचं केंद्र बंद पडलं.